चढावर दम सोडणारा लिथियम पॅक: घरी इलेक्ट्रिक केलेल्या गाडीतला नेहमीचा दोष कसा शोधावा

घरी इलेक्ट्रिक केलेल्या गाड्या दोन-तीन वर्षांच्या झाल्या की त्यांचे मालक बहुधा एकच तक्रार घेऊन येतात. गाडी सपाटीला पूर्वीसारखीच पळते, मात्र चढ लागला किंवा कोणाला मागे टाकण्यासाठी जोर लावला की अचानक ताकद जाते. थोडे थांबून पुन्हा सुरू केली तर काही घडलेच नाही अशी चालू लागते. मालकाने तोवर मनाशी ठरवलेले असते की सेल संपला, आणि नव्या सेलची किंमतही विचारून ठेवलेली असते. माझा अनुभव असा की अशा पॅकमध्ये सेल खरोखर गेलेला क्वचितच निघतो. दोष बहुतेक वेळा दोन सेल जोडणाऱ्या पट्टीखाली असतो, किंवा एक सेल इतरांपेक्षा कमी भरलेला राहिलेला असतो, आणि ही दोन्ही कामे नव्या सेलच्या मानाने फुकटात होतात. म्हणून आधी मोजावे आणि खरेदीचा विचार नंतर करावा.

उदाहरणासाठी मी मारुती ८०० घेतो, कारण हलकी, साधी आणि स्वस्तात मिळणारी असल्याने या कामात ती वारंवार समोर येते. तिच्यात १०० अँपिअर-तासाचे ३० लिथियम आयर्न फॉस्फेट सेल एकापुढे एक जोडले, तर प्रत्येकी ३.२ व्होल्ट धरून ९६ व्होल्टचा आणि ९.६ युनिटचा पॅक होतो. किलोमीटरला १२० वॉट-तास लागतात असे मानले आणि पॅक तळापर्यंत न ओढता सुमारे ८० टक्केच वापरला, तरी साठ-पासष्ट किलोमीटर मिळायला हरकत नसते. आपली गाडी वेगळी असेल तर आकडे बदलतील, तपासणीचा क्रम तोच राहील. अशी गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणायची असेल, तर ए.आय.एस.-१२३ या मानकानुसार मान्यता मिळालेले किट आणि आर.टी.ओ.कडे झालेली बदलाची नोंद आवश्यक आहे. हे लिखाण त्या मान्यतेला पर्याय नाही.

लक्षणे

पुढीलपैकी दोन किंवा अधिक गोष्टी दिसत असतील, तर आपला दोष याच जातीचा आहे असे समजावे. जास्त करंट ओढताच बी.एम.एस. (प्रत्येक सेलवर लक्ष ठेवणारे नियंत्रण सर्किट) गाडीचा वीजपुरवठा तोडते, पण उभ्या गाडीत सगळे सेल समान व्होल्टेज दाखवतात. तोडण्याच्या क्षणी बी.एम.एस.च्या पडद्यावर दरवेळी त्याच क्रमांकाचा सेल खाली गेलेला असतो. चार्जर पूर्वीपेक्षा लवकर बंद होतो, किंवा शेवटच्या टप्प्यात सारखा चालू-बंद होत राहतो. साठ किलोमीटर जाणारी गाडी चाळिशीतच थकते. आणि सर्वांत बोलके लक्षण म्हणजे ॲक्सिलरेटरवरून पाय काढताच पडलेला सेल क्षणात वर येतो. याचा अर्थ पुढे सविस्तर येईल.

फुगलेला सेल, गोडसर द्रावकासारखा वास, वितळलेले प्लॅस्टिक किंवा बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या यांपैकी काहीही असेल, तर मधले सर्व सोडून थेट शेवटच्या भागाकडे जावे.

झाकण उघडण्यापूर्वी

प्रथम टायरमधली हवा पाहावी आणि गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हाताने ढकलून बघावी. हे वाचून काहींना हसू येईल, पण हवा कमी असली किंवा ब्रेक धरून राहत असले तर मोटार जास्त करंट ओढते, आणि जो पॅक एरवी तग धरून असतो तो चढावर मान टाकतो. या तपासणीला पाच मिनिटे लागतात आणि पैसा लागत नाही.

त्यानंतर टक्के दाखवणाऱ्या मीटरवर शंका घ्यावी. हे मीटर आत गेलेले आणि बाहेर पडलेले अँपिअर-तास मोजत असते, आणि मोजणीतली बारीक चूक दररोज साठत जाते. पॅक अनेक दिवस पूर्ण भरला गेला नसेल, तर मीटरवर ४० टक्के दिसताना प्रत्यक्षात १५च उरलेले असू शकतात. पॅक एकदा पूर्ण भरू द्यावा, मीटर शंभरावर आणून ठेवावे आणि मग तीच फेरी पुन्हा करून पाहावी.

यानंतरची तपासणीही फुकटच आहे, आणि माझ्या मते सर्वांत मोलाची: एक वही घ्यावी. चार-पाच दिवस शेजारी कोणालातरी बसवून, चढावर कोणता सेल सर्वांत आधी खाली जातो आणि चार्जिंगच्या अखेरीस कोणता सर्वांत आधी वर जातो व कोणता सर्वांत मागे राहतो, एवढेच क्रमांक लिहून काढावेत. चालकाने स्वतः गाडी चालवत पडद्याकडे पाहू नये.

या नोंदींतच निदान असते. वापरताना जो सेल सर्वांत आधी रिकामा होतो, तोच चार्ज करताना सर्वांत शेवटी भरत असेल, तर तो निरोगी आहे. तो फक्त इतरांच्या मागे पडला आहे आणि त्याला वेगळे भरून रांगेत आणायचे आहे. उलट एकच सेल दोन्ही टोकांना पहिला पोहोचत असेल, म्हणजे आधी रिकामाही तोच आणि आधी भरलेलाही तोच, तर एकतर त्याची क्षमता घटली आहे किंवा त्याच्या जोडात अडथळा आहे. या दोहोंतला फरक वेळ सांगते. करंट थांबताच व्होल्टेज जागेवर आले तर जोडावर संशय घ्यावा. ते रेंगाळत, मिनिटा-मिनिटाने वर सरकत असेल तर सेलवर. आणखी एक खूण म्हणजे एक सेल जेवढा खाली, नेमका तेवढाच त्याचा शेजारी वर. अशी जोडी दिसली तर दोन्ही सेल बहुधा ठीक असतात आणि त्यांच्यामधली सामाईक सेन्स वायर (सेलचे व्होल्टेज बी.एम.एस.पर्यंत नेणारी बारीक तार) बिघडलेली असते.

उभ्या गाडीतल्या व्होल्टेजवरून मात्र निष्कर्ष काढू नये. या रसायनाचे व्होल्टेज मधल्या मोठ्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असते, त्यामुळे अर्ध्याहून अधिक भरलेला सेल आणि अर्ध्याहून कमी भरलेला सेल यांच्यात काही मिलिव्होल्टचाच फरक दिसतो. "सगळे सेल ३.२९ दाखवतात, म्हणजे पॅक बॅलन्स आहे" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की आता त्यावर वाद घालणे सोडून दिले आहे.

झाकण उघडताना

साठ व्होल्टच्या वरचा डी.सी. पुरवठा धोकादायक वर्गात मोडतो आणि आपला पॅक शंभरीच्या आसपास असतो. किल्ली काढल्याने किंवा कॉन्टॅक्टर (पॅकची मुख्य लाइन जोडणारा-तोडणारा मोठा स्विच) सुटल्याने पॅकच्या आतला वीजदाब जात नाही. तो फक्त बाहेर येत नाही. म्हणून चार्जर काढून पॅकच्या मध्यावरची सर्व्हिस डिस्कनेक्ट, म्हणजे हाताने काढता येणारी जोडणी, आधी सोडवावी, म्हणजे पॅकचे दोन लहान भाग होतात. अंगठी, कडे, घड्याळ, गळ्यातली साखळी उतरवून ठेवावी. पान्याचे तोंड तेवढे उघडे ठेवून बाकी सर्व भाग इन्सुलेशन टेपने गुंडाळावा, विजेच्या कामाचे रबरी हातमोजे आणि चष्मा घालावा, आणि घरात दुसरे माणूस असल्याशिवाय काम सुरू करू नये. पाना दोन टर्मिनलवर आडवा पडला तर हजारो अँपिअरचा प्रवाह वाहू शकतो, आणि तो पाना उचलून घेण्याइतका अवधी मिळत नाही.

आपल्या पॅकमध्ये मध्यावर डिस्कनेक्टच नसेल, तर पुढचे काही करू नये. ती बसवून घेणे हेच पहिले काम.

सेन्स वायर

बी.एम.एस.कडे जाणाऱ्या बारीक तारांचा कनेक्टर काढून पाहावा. पिनेवर हिरवट-पांढरा थर, सैल झालेली क्रिम्प (तारेवर दाबून बसवलेले टोक) किंवा घासून उघडी पडलेली तार असेल तर बी.एम.एस. जे वाचते ते सेलचे व्होल्टेज नसतेच. मल्टिमीटरने थेट सेलच्या टर्मिनलवर मोजलेला आकडा आणि पडद्यावरचा आकडा यांत दहा-पंधरा मिलिव्होल्टपेक्षा जास्त तफावत असेल, तर तार किंवा तिचे टोक बदलावे. प्रत्येक तारेला सेलजवळ स्वतंत्र छोटा फ्यूज असावा. अनेक घरगुती पॅकमध्ये तो नसतो, आणि अशी तार घासून दुसऱ्या तारेला लागली की आधी ती जळते आणि मग तिच्या शेजारचे काय काय जळेल ते सांगता येत नाही.

पट्टीखालचा जोड

येथे थोडे थांबावे लागेल, कारण माझ्या पाहण्यातले बहुतेक दोष येथेच सापडले. सेलचे टर्मिनल बहुधा ॲल्युमिनियमचे असते आणि पट्टी तांब्याची. दोन वेगळे धातू, मध्ये पावसाळी दमट हवा, वर खड्ड्यांचे हादरे, अशा ठिकाणी हळूहळू ऑक्साइड साचते आणि जोडाचा रोध वाढतो. निरोगी जोडाचा रोध मिलिओहमचा दहावा हिस्सा किंवा त्याहून कमी असतो. तो वाढून एक मिलिओहम झाला, तर चढावरच्या १५० अँपिअरला तेथे ०.१५ व्होल्ट खर्च होतात आणि सुमारे २२ वॉट उष्णता निर्माण होते, म्हणजे एखादी सोल्डरिंग आयर्न त्या टर्मिनलवर टेकवून ठेवल्यासारखेच. ज्या सेलची सेन्स वायर या जोडाच्या पलीकडच्या टोकाला लावलेली असते, त्या सेलच्या नावावर हा खर्च मांडला जातो. सेल तीन व्होल्टवर असतो, बी.एम.एस.ला २.८५ दिसतात, थोडा आणखी जोर लावला की २.८ची मर्यादा ओलांडते आणि गाडीचा पुरवठा तुटतो. सेलचा यात काही दोष नसतो.

हे मोजण्याची सोपी रीत म्हणजे चार्जिंगच्या मधल्या टप्प्यात, करंट स्थिर असताना, मोजणे. सर्व पट्ट्या जागेवर घट्ट बसवून, सर्व्हिस डिस्कनेक्ट पुन्हा लावून, झाकण उघडे ठेवून चार्जर सुरू करावा; एकापुढे एक जोडलेल्या सर्व सेलमधून तोच करंट वाहतो, त्यामुळे तुलना न्याय्य होते. मल्टिमीटर २०० मिलिव्होल्टवर ठेवून एक टोक एका सेलच्या टर्मिनलच्या धातूवर आणि दुसरे टोक पट्टीच्या पलीकडील सेलच्या टर्मिनलच्या धातूवर टेकवावे. बोल्टच्या माथ्यावर टेकवले तर जोडाऐवजी बोल्टच मोजला जातो. २० अँपिअरला चांगला जोड दोन मिलिव्होल्टच्या आसपास दाखवतो. आकडा किती आला यापेक्षा बाकीच्यांहून कोणता वेगळा आला ते पाहावे. हे मोजमाप चालू पॅकवर होत असल्याने येथे हातमोजे काढायचे नाहीत आणि पान्याला हात लावायचा नाही.

आंबा घाटाखालून माझ्याकडे आलेल्या एका पांढऱ्या मारुतीत सतरा क्रमांकाचा सेल दर चढाला पडत असे. मालकाने तो सेल आधीच बदलला होता. "नवा घातला तरी सतराच पडतोय," एवढे सांगून त्यांनी जुना सेलही डिकीतून काढून समोर ठेवला. चार्जर लावून एकेक जोड मोजत गेलो: १.९, २.१, २.०, आणि सोळा-सतराच्या मधल्या पट्टीवर ३१. म्हणजे दीड मिलिओहमहून अधिक. चार्जर बंद करून, पॅक दोन भागांत तोडून बोल्टला पाना लावला, तर तो जेमतेम चिमटीच्या जोराने पाव फेरा फिरला. पट्टीवरचे लाल आवरण त्या टोकाला तपकिरी पडून कडक झाले होते आणि पट्टीखाली राखेसारखा करडा थर होता. सेल नवा घालताना जुनी पट्टी न पुसता तशीच बसवली गेली होती. पट्टी घासून, नव्याने आवळून पुन्हा मोजले तेव्हा २.२ आले. डिकीतला जुना सेल नंतर मोजला, तर त्याची क्षमता जवळजवळ पूर्ण होती.

स्वच्छता करताना भांडी घासायची हिरवी घासणी वापरावी. सॅंडपेपरचे कण मऊ ॲल्युमिनियममध्ये रुतून बसतात. उघड्या ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर लगेच धरू लागतो, म्हणून पुसल्याबरोबर विद्युत जोडांसाठी मिळणारे ऑक्साइडरोधक मलम अगदी पातळ लावून पट्टी बसवावी. पट्ट्या नव्या घ्यायच्या झाल्या तर कथिलाचा मुलामा दिलेल्या घ्याव्यात. कल्हई उडालेल्या पितळेत ताक कळकते हे ज्या घरात माहीत आहे, तेथे यामागचे कारण वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. बोल्ट टॉर्क रेंचने, सेलच्या माहितीपत्रकात दिलेल्या आकड्याइतकाच आवळावा. अंदाजाने जोर लावला तर ॲल्युमिनियमचे आटे निघतात आणि मग चांगला सेल खरोखरच निकामी होतो. जाड, ताठ पट्टीऐवजी पापुद्र्यांची किंवा मध्ये उंचवटा दिलेली लवचीक पट्टी घेतली तर सेलच्या प्रसरण-आकुंचनाचा ताण टर्मिनलवर येत नाही. महिन्याभराने एकदा आणि नंतर दर पावसाळ्यानंतर ही मोजणी पुन्हा करावी.

मागे पडलेला सेल

जोड ठीक निघाले आणि वहीतला सेल शेवटी भरणारा असेल, तर बॅलन्सिंगचे, म्हणजे सर्व सेल सारखे भरण्याचे, काम आहे. "बी.एम.एस. आपोआप करेल" या भरवशावर राहणाऱ्यांनी एक हिशेब करावा. साध्या बी.एम.एस.चा बॅलन्सिंग करंट पन्नास ते शंभर मिलिअँपिअर इतकाच असतो आणि तो बहुधा चार्जिंगच्या अखेरीसच चालतो. एक सेल ६ अँपिअर-तासांनी मागे असेल, बॅलन्सिंग ६० मिलिअँपिअरने होत असेल आणि प्रत्येक चार्जमध्ये त्यासाठी अर्धा तास मिळत असेल, तर दोनशे चार्ज लागतील. तोवर तो सेल रोज तळ गाठत राहील.

त्याऐवजी सर्व्हिस डिस्कनेक्ट काढून, गाडीपासून पॅक वेगळा करून, ज्याचे आउटपुट पृथ्वीला जोडलेले नाही अशा बेंच पॉवर सप्लायने (व्होल्टेज आणि करंट ठरवून देता येणाऱ्या पुरवठ्याने) तेवढा एकच सेल भरावा. व्होल्टेज आधी ३.५० वर, करंट १० अँपिअरवर बसवून, मल्टिमीटरने खात्री करून मगच तारा जोडाव्यात. सहा अँपिअर-तासांना पाऊण तासाच्या आसपास वेळ पुरतो. तेवढा वेळ तेथेच बसावे.

सेल मागे का पडला, हेही शोधावे, नाहीतर तीन महिन्यांनी हेच काम पुन्हा समोर येईल. हॉर्न, दिवे किंवा संगीत यांच्यासाठी पहिल्या चार सेलवरून १२ व्होल्ट काढून घेण्याची युक्ती मी एकाहून अधिक गाड्यांत पाहिली आहे, आणि या कामातली सर्वांत वाईट काटकसर मी तिलाच म्हणतो. ते चार सेल रोज थोडे अधिक रिकामे होतात, शिवाय १२ व्होल्टचे ऋण टोक बॉडीला असल्याने संपूर्ण पॅक बॉडीशी जोडला जातो. त्यासाठी आयसोलेटेड, म्हणजे दोन्ही बाजू विजेने एकमेकींपासून वेगळ्या ठेवणारा, डी.सी.-डी.सी. कन्व्हर्टरच हवा. कन्व्हर्टर, ट्रॅकर आणि बी.एम.एस. स्वतः उभ्या गाडीत मिळून अवघे २० मिलिअँपिअर घेत असले, तरी दोन महिन्यांत २९ अँपिअर-तास जातात. गाडी फार दिवस उभी राहणार असेल तर पॅक निम्मा भरून, डिस्कनेक्ट काढून ठेवावी. मे महिन्याच्या उन्हात पूर्ण भरलेला पॅक महिनाभर उभा ठेवणे हे तो रोज चालवण्यापेक्षा अधिक झिजवणारे असते.

सेल खरोखर गेला असेल तर

वरील सर्व तपासण्या निष्फळ ठरल्यावरच सेल बाहेर काढून त्याची क्षमता मोजावी. पूर्ण भरून, इलेक्ट्रॉनिक लोडवर (ठरावीक करंट ओढणाऱ्या उपकरणावर) २० अँपिअरने २.५ व्होल्टपर्यंत उतरवल्यास १०० अँपिअर-तासाच्या सेलला पाच तास लागायला हवेत. चार तासांच्या आत संपला तर क्षमता ८० टक्क्यांखाली आली आणि तो बदलणे योग्य. तुलनेसाठी वहीत कधीही न आलेला एक सेलही याच रीतीने मोजावा. तोही तेवढाच उतरलेला निघाला तर एक सेल बदलून काही साधणार नाही, पॅकच वयाला आला आहे. खराब सेल नेहमी पॅकच्या मध्यभागातलाच निघत असेल तर तेथे उष्णता अडकते आहे; हवा खेळण्याची वाट न करता तेथे नवा सेल घातला तर तोही त्याच वाटेने जाईल. नवा सेल बसवण्यापूर्वी त्याला इतरांइतकाच, पूर्ण भरून घ्यावा.

येथे थांबावे

फुगलेला सेल शिकंज्यात दाबून पुन्हा सरळ करू नये. बराच काळ दोन व्होल्टच्या खाली राहिलेला सेल हळूहळू चार्ज करून "जिवंत" करू नये. त्यातले तांबे विरघळून आत शॉर्टची वाट तयार झालेली असू शकते आणि तो चार्ज होतो असे दिसले तरी भरवशाचा राहत नाही. सेल उभ्या गाडीत स्वतःहून गरम होत असेल, पॅकमध्ये पुराचे पाणी शिरले असेल, द्रावकाचा वास येत असेल किंवा फ्यूज उडाल्याचे कारण सापडत नसेल, तर गाडी मोकळ्या जागेत, घरापासून आणि इतर वाहनांपासून दूर उभी करून जवळ जाऊ नये. धूर दिसला तर अग्निशामक दलाला बोलवावे आणि त्यांना लिथियम पॅक असल्याचे पहिल्याच वाक्यात सांगावे. हे रसायन इतर लिथियम सेलपेक्षा शांत असले, तरी त्याचा धूर विषारीच असतो.

बॉडी आणि पॅक यांच्यामधला इन्सुलेशन रोध मोजणे हेही घरचे काम नाही. वाहनांच्या मानकांत व्होल्टमागे किमान १०० ओहम अपेक्षित आहेत, म्हणजे आपल्या पॅकला निदान १० किलोओहम, आणि निरोगी पॅक त्याच्या कित्येक पट दाखवतो. त्यासाठीचे उपकरण चुकीच्या जागी लावले तर बी.एम.एस. जळते, म्हणून ते काम उच्च व्होल्टेजच्या वाहनांचे प्रशिक्षण घेतलेल्या तंत्रज्ञाकडे द्यावे. त्याच्याकडे जाताना वही, जोडांचे मिलिव्होल्टचे आकडे आणि सेलचे माहितीपत्रक सोबत न्यावे, म्हणजे त्याचा पहिला दिवस आपण आधीच केलेली मोजणी पुन्हा करण्यात जाणार नाही. काढलेला सेल भंगारात देऊ नये. टर्मिनलवर टेप लावून तो बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ खाली नोंदणी असलेल्या पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच सोपवावा.